कडेच्या पाकळ्या

आगगाडीत भाकरी सोडली की माणसं ओळखू येतात. गेल्या आठवड्यात अकोल्याहून अमरावतीला जायला निघाले होते. मूर्तिजापूर यायच्या आत मी मांडीवर फडकं सोडलं, ज्वारीची भाकरी काढली, वर लसणाच्या चटणीचा गोळा ठेवला, तर समोरच्या बाईंनी लगेच पदर नाकाशी नेला. त्यांच्या पलीकडे बसलेले एक म्हातारे गृहस्थ मात्र खिडकी सोडून माझ्या फडक्याकडे बघत राहिले. मी अर्धी भाकरी पुढे केली. "घ्या. वास त घेतलाच हाये, आता घासबी घ्या." त्यांनी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, घेतली आणि खाल्ली. मग बोटं चाटून म्हणाले, "लसून जरासा कमी पडला, बाई." मी फडकं आवरलं. कमी का पडला ते मला ठाऊक होतं.

हे मी बोलते आहे आणि माझी नात यमुना लिहिते आहे. ती शाळा शिकली, त्यामुळे माझं बोलणं कागदावर जाईपर्यंत आंघोळ करून, धुतलेलं नेसून जातं. जाऊ दे बापडं. पण माणसं जे बोलली ते होतं तसंच ठेव, अशी तिला ताकीद आहे. माझा बा "मला" म्हणाला असं तिने लिहिलं, तर तो वरून खाली येऊन दौत उपडी करेल.

तर आगगाडी. गाडी अकोला सोडते आणि रुळांच्या बाजूने काही अंतर एक धुळीची वाट दिसत राहते. आता तिच्यावर बाभळी माजल्या आहेत. त्या वाटेने मी एकदा अमरावतीपर्यंत चालत गेले आहे. आता विडा रंगेपर्यंत स्टेशन येतं. तेव्हा सहा मुक्काम पडले होते. पाठीवर पडशी होती, पायात काही नव्हतं, आणि मी बाशी बोलत नव्हते.

ते दिवस पांढरे होते. सात समुद्रांपलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. लढाई कोणाची, कशासाठी, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मोर्णा नदीच्या काठापासून नजर पोचेल तिथवर कापूस होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्यांच्या घरी दिवाळीलाही दिवा पुरता लागत नसे, त्यांच्या ओसरीवर काचेच्या हंड्या लटकल्या. बंड्या, म्हणजे आमच्या बैलगाड्या, भरभरून बाजाराकडे जायच्या आणि वाटेवरच्या बाभळी त्यांतला थोडा थोडा कापूस ओढून घ्यायच्या. पौषापर्यंत एकेक बाभूळ अशी पांढरी व्हायची, की लांबून बघणाऱ्याला तिला मोहर आला वाटावं.

आम्ही माळी. अकोल्याच्या जुन्या शहरासमोर, मोर्णेच्या अलीकडच्या काठाला आमचा मळा होता. एक विहीर, एक मोट, आणि मायच्या हाताखाली वाढलेले वाफे. वांगी होती, मेथी होती, मिरची होती, पण माझ्या नाकात अजून राहिला आहे तो विहिरीजवळचा लसणाचा वाफा. संध्याकाळी मोटेचं पाणी त्यात फिरलं की ओल्या मातीचा आणि हिरव्या पातीचा मिळून एक वास उठायचा. त्या वासाने भूक लागायची. जेवून उठलं असलं तरी लागायची.

हा लसूण मायने लग्नात आपल्या आईकडून आणला होता. गड्डा लहान, सुपारीएवढा, साल जांभळट, आणि पाकळी अशी तिखट की सोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. फाल्गुनात लसूण उपटला की माय तो सावलीत वाळवायची आणि मग पात्यांना पात्या गुंफून त्याच्या वेण्या घालायची. त्याच बैठकीत मलाही समोर ओढून माझी वेणी घालायची. तिच्या हाताला दोन्हींत फरक वाटत नसावा. चैत्रभर माझ्या केसांना लसणाचा वास येई आणि शेजारच्या पोरी मला फोडणी म्हणत. तेव्हा राग यायचा. आता त्या हाताची वेणी मिळणार असेल तर मी गावभर फोडणी म्हणवून घेईन.

त्या साली ज्येष्ठात बाने मळा नांगरला. काळ्या रानात कापूस होताच. आता वाफेही मोडले, मोटेचे बैल चालतात त्या धावेपर्यंत कापूस टोकला. सगळेच करत होते. भाजी काय, बाजारातून आणू, असं जो तो म्हणत होता, आणि बाजारात भाजी कोण आणणार हे कोणी म्हणत नव्हतं.  मायने आढ्याला टांगलेल्या वेण्या काढून एकदा मोजल्या आणि परत टांगल्या. श्रावणात ती तापाने आडवी झाली ती उठली नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने मला आढ्याकडे बोट करून एक वेणी दाखवली.

"ते खायची नाई," ती म्हणाली. "ते बियाची हाये. कार्तिकात लावजो. इथं जागा नसंल त मावशीच्या मळ्यात लावजो. पन लावजो."

सात गड्ड्यांची वेणी होती. कार्तिक आला. मी बाला म्हटलं, विहिरीजवळ दोन हात जागा मोकळी करून द्या. बा वेचणीच्या घाईत होता. "यंदा राहू दे वं," म्हणाला आणि ओझं उचलून गेला. तेवढंच म्हणाला, पण मला ते लागलं. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलू लागले. भाकर वाढली, पाणी ठेवलं, एवढंच. घरात तिसरी माझी आत्या, बाची थोरली विधवा बहीण. ती आमच्या दोघांच्या मध्ये बसून दोघांचे निरोप दोघांना सांगे.

मार्गशीर्षात कापूस अमरावतीच्या बाजारात न्यायचा ठरला, तेव्हा मी हटून बसले की मीही येणार. मावशी अमरावतीला होती. वेशीबाहेर तिचा छोटा मळा होता आणि तो अजून मळाच होता, कारण मोडायला तिच्याकडे बैल नव्हते. माझा बेत सरळ होता. वेणी न्यायची, मावशीच्या हातात द्यायची, लावून घ्यायची. लावणीचे दिवस सरत आले होते. बाला यातलं काही सांगायचं नाही, असंही मी ठरवलं होतं.

दोन बंड्या निघाल्या. एक आमची, एक शेजारच्या सखारामदादाची. माझ्यासोबत आत्याही निघाली. कापसाच्या बंडीचे काही कायदे असत आणि आमच्यात ते बाइतके कडक कोणी पाळत नसे. पहिला कायदा, कापसावर अन्न ठेवायचं नाही. तेलाचा डाग पडतो, वास बसतो, आणि बाजारातला अडत्या कोपरापर्यंत हात खुपसून वास घेतो. म्हणून पीठ, मीठ, मिरची, तवा, सगळं ज्याने त्याने आपल्या पाठीवर वाहायचं. दुसरा कायदा, इस्तव पेटवायचा तो बंड्यांपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. निघताना आत्याने जवसाच्या चटणीचं गाडगं नुसतं टेकवलं होतं कापसावर, तर बा ओरडला, "उचल ते. आपल्या पाठीले काय झालं?"

आमच्या पाठीला काही झालं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत व्हायचं. आत्याच्या पडशीत पीठ आणि कण्या, माझ्या पडशीत एका बाजूला तवा, दुसऱ्या बाजूला मीठमिरची आणि खायच्या लसणाची पुरचुंडी. आणि त्याखाली, मायच्या जुन्या चोळीत गुंडाळलेली, ती वेणी.

पायी चालणाऱ्याला लसणासारखा सोबती नाही. त्याला वजन नाही, तो नासत नाही, सांडत नाही. मुक्कामाला तीन दगड मांडायचे, बाभळीच्या काटक्या पेटवायच्या, निखारे पडले की अख्खा गड्डा त्यांत सरकवून द्यायचा. भाकरी होईस्तोवर तो आतून लोण्यासारखा मऊ होतो. मग तो गरम भाकरीवर दाबून फिरवायचा, वर मीठ. एवढ्यावर माणूस तृप्त होऊन आडवा होतो. पाटा-वरवंटा नसला तर नदीतले दोन गोटे पुरतात. पायांना भेगा पडल्या तर लसूण तेलात तळून ते तेल टाचांना लावायचं. वाटेत इतर बंड्या भेटायच्या, आणि मुक्कामावर कोणाच्या चुलीवर काय आहे हे वाऱ्यावरून कळायचं. सखारामदादा त्या वासांवरून गावं ओळखायचा. "हे दर्यापूरवाले," म्हणायचा, "मिरची जाळून राहिले."

पण सखारामदादाला एक खोड होती. तो लसूण कच्चा खायचा, भाकरीबरोबर कांदा खावा तसा, अख्खा गड्डा. सहा मुक्कामांची पुरचुंडी त्याने दोन मुक्कामांत रिकामी केली. आत्या त्याला म्हणाली, "का गा, तुह्या पोटात काय वाफा हाये का?" तो म्हणाला, "पुढच्या गावात घेऊ ना, आत्याबाई."

पुढच्या गावात लसूण नव्हता. त्याच्या पुढच्यातही नव्हता. ज्या दारी जावं तिथे ओसरीभर कापूस, आणि बाई दारात येऊन सांगायची, "वाफेच मोडले, माय." एका घरी चांदीच्या वाटीत आम्हाला पाणी दिलं, पण मिरची मागितली तर ती नव्हती.

काटेपूर्णेच्या पाण्यात बंडी घालताना बा छातीपर्यंत भिजला होता. पहाटेचं पाणी, मार्गशीर्षाची थंडी. दुपारी त्याला हिव भरलं. संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलं. कापसावर माणूस बसवायचा नाही हाही त्याचाच कायदा, पण सखारामदादाने त्याला उचलून बंडीवर घातला. त्या कापसात तो अर्धा बुडाला, वर कांबळं, आणि डोक्याचं मुंडासं तेवढं दिसायचं. दोन दिवस त्याने भाकरीचा तुकडा तोंडात घेतला नाही. कण्या शिजवल्या तर वास घेऊन मान फिरवली.

मूर्तिजापूरच्या मुक्कामावर आत्या माझ्याजवळ येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता. "लसनाच्या फोडनीच्या कण्या असत्या त त्यानं खाल्ल्या असत्या," ती म्हणाली. "तुही माय तापात तेच देत जाय." ती सहज बोलली. माझ्या पडशीत काय आहे हे तिला माहीत नव्हतं.

मी चुलीसमोर बसून राहिले. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो चांगला नव्हता. यानेच वाफा मोडला, आता याच्याच तोंडासाठी मायचं बी फोडू का, असं मला वाटलं. मग बंडीवरून बा खोकला. आधीच एक गेली होती. मी चोळी सोडली आणि वेणीतला पहिला गड्डा खुडला.

फोडायला लागले तर बा जागा होता. तोवर त्याला आत्याने चुलीजवळ आणून बसवलं होतं. "आन इकडं," तो म्हणाला. "हातपाय त चालत नाईत, लसून त सोलतो." थंडी वाजत होती म्हणून त्याने हात कांबळ्याच्या आतच ठेवले, आतल्या आत गड्डा फोडला, आणि थोड्या वेळाने सोललेल्या पाकळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. मी करडईच्या तेलात त्या लाल केल्या आणि चर्र आवाज करत कण्यांवर ओतल्या. बाने मान फिरवली नाही. तीन घास खाल्ले, मग थांबला, डोळे मिटून बसला, मग परत खाऊ लागला. आत्याने पदराने डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या.

चार घास आत्यानेही खाल्ले आणि म्हणाली, "काय वं, लसून मोजून टाकला का? वास त येतच नाई."

मला वाटलं, बियाचा लसूण, फाल्गुनापासून टांगलेला, वाळून गेला असेल. म्हणून पुढच्या मुक्कामाला दोन गड्डे काढले. बाने परत हात पुढे केला, "आन इकडं." परत कांबळ्यात हात, परत पाकळ्या माझ्या तळहातावर. बारक्या, पातळ, वाकड्या. तरीही वास बेताचाच. त्याच्या पुढच्या मुक्कामाला आणखी दोन. दर संध्याकाळी वेणी आखूड होत होती आणि दर संध्याकाळी बा थोडा जास्त जेवत होता. मी एका डोळ्याने रडत होते आणि एका डोळ्याने त्याची थाळी बघत होते. त्याच्याशी बोलायचं नाही हे मी ठरवलं होतं, ते कोणत्या मुक्कामावर सुटलं ते मला आठवत नाही. एका सकाळी मी त्याचं सुटलेलं मुंडासं बांधायला गेले, तर त्याने माझा हात धरला. "राहू दे, मी बांधतो." मुंडाशाला लसणाचा वास येत होता. आत्या त्याच्या कानांत आणि तळव्यांना फोडणीतून उरलेलं लसणाचं तेल चोळत होती, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही.

माळ्याची पोर मी. मला नवल वाटायला हवं होतं.

बडनेऱ्याच्या मुक्कामावर मातीचे लांबच लांब ढीग पडले होते. तिथून लोखंडाची वाट जाणार होती म्हणे. सखारामदादा त्या ढिगावर चढून बघून आला आणि म्हणाला, "कायी नाई, मातीच हाये." त्या संध्याकाळी मी शेवटचे दोन गड्डे बाच्या हातात दिले. वेणी म्हणून हातात राहिल्या त्या सुक्या पात्या. त्या मी तशाच चोळीत परत गुंडाळल्या. फेकवेनात.

अमरावतीच्या कापूसबाजारात बंड्यांची अशी दाटी होती की बैलांची तोंडं पुढच्या बंडीत जात होती. अडत्या आला, त्याने कापसात हात घातला, मूठभर उपसून नाकाशी नेला, आणि भुवया चढवल्या. "का हो, कापसाले लसनाचा वास कावून येऊन राह्यला?"

आत्याने वळून माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच आक्रसले. "म्या नाई ठेवला," मी म्हटलं, "वो बा, म्या नाई ठेवला कापसावर." बा माझ्याकडे बघत नव्हता. तो अडत्याला म्हणाला, "माया डोक्याचा वास हाये तो. तापानं पडलो होतो वरतं." अडत्या हसला. त्या दिवसांत दगडाला कापूस चिकटवून आणली असती तरी घेतली असती. त्याने कापूस घेतला. पण माझा कायदेवाला बा आपल्या कापसाला वास लागला हे हसून सोडून देतो, हेही मला त्या गडबडीत खटकलं नाही.

मावशी वेशीबाहेर विहिरीपाशी वांग्यांना पाणी देत होती. आम्हाला बघून धावत आली, मला पोटाशी धरून रडली, मग बाजूला करून म्हणाली, "सांग, काय आनलं मायासाठी?" तिला निरोप होता. मायने श्रावणातच कोणाकरवी सांगून ठेवलं होतं की लसूण येईल. तिने विहिरीमागे वाफा करून ठेवला होता. बाकीचं रान तसंच सोडून तेवढीच माती भुसभुशीत केलेली, पाण्याची वाट काढलेली.

मी चोळी सोडली आणि तिच्या हातात त्या सुक्या पात्या दिल्या.

"हे काय?" मावशी म्हणाली. "नुसतीच वेनी?"

मग मला रडू आवरेना. "बाले ताप होता," एवढंच मी परत परत म्हणत होते. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, पण तिची नजर त्या मोकळ्या वाफ्यावर होती, ते मला दिसलं.

बा विहिरीच्या कट्ट्यावर बसला होता. अंगात अजून बळ नव्हतं. त्याने डोक्याला हात लावला आणि सावकाश मुंडासं सोडू लागला. एक फेर, दुसरा, तिसरा. मग मांडीवर धोतराचा ओचा पसरून त्याने तो कपडा झटकला, आणि ओच्यात पाकळ्या पडल्या. जाड, जांभळ्या, सालीसकट. कडेच्या पाकळ्या.

यमे, तू शाळा शिकलीस, पण हे शाळेत सांगत नाहीत म्हणून लिही. लसणाच्या गड्ड्यात कडेच्या पाकळ्या जाड असतात, त्या बियाला. गाभ्याच्या बारीक, त्या खायला. माळ्याच्या घरात हे पोराला चालायच्या आधी कळतं. सात गड्डे मी बाच्या हातात दिले आणि सातांचाही त्याने मला गाभाच परत दिला, आणि मी लसूण वाळला म्हणत बसले.

"कावून नाई सांगतलं?" मी विचारलं.

"गड्डा हातात येताच समजलं मले," बा म्हणाला. "तुह्या मायचा लसून मी ओयखनार नाई का? पयल्या दिशी सोलतानाच हात थांबला होता." तो पाकळ्या बोटांनी सारखा करत होता. "सांगतलं असतं त तू दुसऱ्या दिशी कण्यात कायी टाकलं नसतं. आन मले खायचंबी होतं, पोरी. लय दिवसानं तिच्या हातचं जेवल्यावानी वाटलं."

 शेजारच्या मळ्यात मोटेचं चाक वाजत होतं. बा खाली बघून म्हणाला, "वाफा मोडाले नोता पायजे."

तेवढं बोलायला त्याला ज्येष्ठापासून मार्गशीर्ष लागला होता. मी त्याच्या गुडघ्याला धरून बसले. ज्याने चटणीचं गाडगं कापसाला टेकू दिलं नाही, तो चार मुक्काम त्याच कापसावर डोक्यात लसूण घेऊन झोपला होता.

त्या पाकळ्या त्यानेच लावल्या. मावशी म्हणाली, मी लावते, तर ऐकलं नाही. एकेक पाकळी टोक वर करून, बोटाच्या दोन पेरांइतकी खोल. "उशीर झाला," मावशी म्हणाली. "थंडी हाये अजून," बा म्हणाला. मी ओंजळीने पाणी घातलं. दोन मुठी पाकळ्या, तीसेक असतील. त्यातल्या चार कुजल्या, बाकी सगळ्या आल्या.

पुढच्या कार्तिकात मावशीकडून दोन वेण्या आल्या आणि बाने विहिरीजवळचा कापूस उपटून वाफा केला. मग लढाई संपली म्हणे, भाव गडगडला, काचेच्या हंड्या ओसऱ्यांवरून उतरल्या, शिंगांच्या शेंब्या कुठे गेल्या ते बैलांनाही कळलं नाही. बाभळींचा मोहर ओसरला. आमचा वाफा राहिला. बा होता तोवर दर फाल्गुनात वेण्या मी घालायची आणि तो समोर बसून बघायचा. त्या प्रवासाबद्दल तो पुन्हा एकदाही बोलला नाही. त्याचं ते मुंडासं माझ्या पेटीत आहे. दहादा धुतलं, वास गेला. तरी मी ते कधी कधी नाकाशी धरते.

कार्तिकी एकादशी झाल्यापासून ही यमी रोज जेवताना कुरकुर करते आहे. आमटी मिळमिळीत झाली, चटणीला दम नाही, आजी तुझ्या हाताची चव गेली. मी ऐकून घेते. मार्गशीर्षात तिचं लग्न आहे. मुलगा अमरावतीचा. मी गेल्या आठवड्यात त्याचं घर बघायला गेले, असं घरात सगळ्यांना वाटतं. घर माझ्या मुलाने दोनदा बघितलं आहे. मी त्यांच्या विहिरीमागची जागा बघून आले. ऊन येतं, पाणी जवळ आहे, माती भुसभुशीत होईल.

यमी लिहिता लिहिता थांबली आहे. तिने टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. शाळेची भाषा कुठे तरी पडली असावी.

"आजी," ती म्हणाली, "तू मले गाभ्याच्या खाऊ घालून राह्यली का?"

मी म्हटलं, लिही. उतरंडीच्या वरच्या मडक्यात आहेत. टोक वर ठेवून लाव.